तीन राज्यांची शीव

वणीच्या माणसाला राज्याची सीमा ही काही नवलाची गोष्ट नव्हे. सापुताऱ्याच्या रस्त्याला लागावे, हातगडाचा किल्ला मागे टाकावा, की थोड्याच वेळात दुकानांच्या पाट्यांवरील अक्षरे डोक्यावरची रेघ टाकून देतात. आपण गुजरातेत आलो हे कळते ते एवढ्यावरूनच. साग तोच, वळणे तीच, डोक्यावर लाकडाचा भारा घेऊन चाललेली बाईही तीच. चैत्राच्या यात्रेला खानदेशातून पायी येणाऱ्यांबरोबर डांगातले आणि सुरतेकडचे भाविकही सप्तशृंगीच्या पायऱ्या चढतात. नवस बोलताना त्यांतला कोणी आपले राज्य सांगत नाही. आपल्या दिंडोरी तालुक्यातील पाणीसुद्धा दोहोंकडे वाटले जाते. पूर्वेचे कादवेतून गोदावरीला जाते, आणि आंबेगावच्या डोंगरात उगम पावणाऱ्या दमणगंगेचे पाणी गुजरात आणि दादरा-नगरहवेली ओलांडून दमणच्या समुद्राला मिळते.

परंतु ही झाली दोघांमधली शीव. ती एक लांब रेघ असते आणि वाटेल तेथे ओलांडता येते. तीन राज्यांच्या शिवा जेथे मिळतात ती मात्र एकच जागा असते, टाचेखाली मावेल एवढी. अशा एका जागेला आम्ही ह्या हिवाळ्यात जाऊन आलो. महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि गुजरात ही तीन राज्ये नर्मदेत जेथे एकमेकांस भेटतात ती ही जागा. तेथे पाहण्यासारखे काय आहे असे कोणी विचारील, तर काही नाही हे प्रथमच सांगून टाकतो. तरीही हे व्याख्यान त्याच जागेविषयी आहे.

जाण्याचे कारण आमच्या धंद्यातून निघाले. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत आम्ही वणीच्या पुढे एका द्राक्षबागेवर युनियनची सभासद-नोंदणी करावयास गेलो होतो. छाटणीला सुरगाणा, पेठ आणि डांग येथून मजूर येतात हे आपण जाणताच. त्या टोळीत अक्राणीकडचे एक पावरा जोडपे होते. आमच्या नोंदवहीत नाव, वय, गाव, तालुका, राज्य असे रकाने आहेत. नाव सांगून झाले, वय अंदाजाने सांगून झाले, आणि गावाशी येऊन तो गडी थांबला. "कुठलं लिहू भाऊ? बुडालेलं, का आत्ता राहतो ते?"

आम्ही म्हणालो, आत्ताचे सांग. तर आत्ताच्या जागेला निराळे नाव नाही. जुने गाव नर्मदेच्या पाण्याखाली गेले, त्याच्याच वरच्या टेकडीवर ह्यांचे घर. चुलता बुडिताच्या वेळी गुजरातेत वसाहतीत गेला. थोरली बहीण पूर्वीच नदीपलीकडे दिलेली, ती मध्य प्रदेशात. एका चुलीची माणसे तीन राज्यांत. आम्ही तो रकाना मोकळा सोडला आणि पुढच्या माणसाकडे वळलो. पण वहीतला तो मोकळा चौकोन काही डोक्यातून जाईना.

येथे थोडे आमच्याविषयी सांगणे भाग आहे. आमची शाळा सातवीत सुटली. भूगोल आम्ही शिकलो तो नाशिकला रद्दीच्या दुकानातून घेतलेल्या एका फाटक्या नकाशासंग्रहावर. संग्रह १९५७ सालचा, म्हणजे आमच्याहून वयाने वडील. त्या रात्री घरी येऊन आम्ही तो उघडला आणि नर्मदेवर बोट ठेवून ती जागा शोधू लागलो. सापडेना. कारण त्या नकाशात तेथे रंग दोनच होते! एक मध्य प्रदेशाचा आणि दुसरा मुंबई राज्याचा. तीन राज्ये मिळण्याची जागा मुळी १९५७ साली अस्तित्वातच नव्हती.

ती निर्माण कशी झाली हे समजून घेण्यासारखे आहे. नर्मदेच्या दक्षिण काठाला अक्राणीचा डोंगराळ परगणा आणि काठीसारखी मेवासी ठिकाणे. ही इंग्रजी अमलात खानदेश जिल्ह्यात मोडत, आणि १९०६ साली खानदेशाचे दोन तुकडे झाल्यावर पश्चिम खानदेशात. उत्तर काठाला पूर्वेच्या अंगास अलीराजपूर संस्थान आणि पश्चिमेच्या अंगास छोटा उदेपूरचा मुलूख. अलीराजपूरची दोरी मध्य हिंदुस्थानच्या एजन्सीकडे, छोटा उदेपूरची रेवाकांठ्याकडे. राजेलोकांच्या शिकारीच्या आणि जकातीच्या हद्दी त्या. त्या ठरविताना काठावरच्या भिल्ल-पावऱ्याला कोणी विचारले असेल असे आम्हांस वाटत नाही. १९४८ साली संस्थाने विलीन झाली. अलीराजपूर मध्य भारतात गेले, छोटा उदेपूर मुंबई प्रांतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य भारत नव्या मध्य प्रदेशात मिळाला आणि मुंबईचे मोठे द्विभाषिक राज्य झाले. म्हणजे अलीकडे पश्चिम खानदेश मुंबईचा आणि पलीकडे छोटा उदेपूरही मुंबईचा. नदीतली ती रेघ जिल्ह्याजिल्ह्यांतली, घरातल्या घरात भिंत असावी तशी. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले आणि त्या भिंतीची शीव झाली. तीन राज्यांची ही जागा त्या दिवशी जन्मली. आपण शिवाजी पार्कच्या सोहळ्याची हकीकत दर वर्षी ऐकतो. त्याच रात्री नर्मदेच्या पात्रात एक नवा बिंदू उमटला ह्याची वार्ता कोणास नव्हती.

पुढे तिन्ही बाजूंचे जिल्हेही फुटले. धुळ्यातून १९९८ साली नंदुरबार निघाला, झाबुआतून २००८ साली अलीराजपूर, आणि बडोद्यातून २०१३ साली छोटा उदेपूर. मुख्य ठाणी अशा रीतीने थोडी जवळ आली एवढाच त्याचा अर्थ.

आणखी एक गोष्ट ह्याच ओघात सांगतो, कारण ती पुष्कळांच्या विस्मरणात गेली आहे. १९६० च्या वाटणीत डांग गुजरातेत गेले हे वणीकरांना ठाऊक असते. त्याच वाटणीत नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा आणि तळोदे ह्या तालुक्यांतील १५६ गावेही गुजरातला देण्यात आली. तापीवर उकाईचे धरण व्हावयाचे होते आणि बुडणारा मुलूख धरण बांधणाऱ्याच्या हाती असावा हा त्यातला हिशेब. रेघ आधी आणि पाणी मागाहून असेच नेहमी घडते असे नाही. उकाईला पाण्यासाठी रेघ सरकली. नर्मदेवर रेघ राहिली आणि पाणी तिच्यावर चढले.

परदेशात अशा जागांचे मोठे कौतुक असते. अमेरिकेत युटा, कोलोराडो, न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना ह्या चार राज्यांचे कोपरे नवाहो आदिवासींच्या वाळवंटी मुलखात एका ठिकाणी मिळतात. तेथे दगडी फरसबंदी आहे, मध्ये धातूची चकती आहे. प्रवासी दोन हात दोन राज्यांत आणि दोन पाय दुसऱ्या दोन राज्यांत ठेवून रांगत्या मुलासारखा फोटो काढून घेतो. ह्या रेघा वॉशिंग्टनमध्ये बसून पट्टीने आखलेल्या. १८७५ साली मोजणीदाराने जाऊन खूण रोवली. ती ठरल्या जागेपासून सुमारे साडेपाचशे मीटर चुकली असे आजच्या साधनांनी दिसते. त्याने काही बिघडले नाही. तेथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९२५ सालीच सांगून टाकले की, दगड जेथे रोवला आणि दोन्ही बाजूंनी मानला तेथेच सीमा. आपल्याकडे बांधाच्या भांडणात म्हातारी माणसे हाच न्याय देतात.

युरोपात हॉलंड, बेल्जियम आणि जर्मनी ह्यांच्या शिवा फाल्स गावाजवळच्या टेकडीवर मिळतात. आज तेथे मनोरा आहे, खाण्यापिण्याची दुकाने आहेत. पूर्वी तेथे चौथाही एक तुकडा होता, मोरेने नावाचा, जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटरचा. त्यात जस्ताची खाण होती. १८१६ साली ती खाण प्रशियाने घ्यावी की हॉलंडने हे ठरेना, तेव्हा खाणीपुरती जमीन कोणाचीच नाही असे ठरविण्यात आले आणि हा तात्पुरता तोडगा शंभर वर्षांहून अधिक टिकला. १८८५ साली खाण संपली. तुकडा बेल्जियमला मिळाला तो १९२० साली. खाणकामगारांचे एक अख्खे गाव चार पिढ्या 'कोणाचेच नाही' ह्या सदरात राहिले. आमच्यासारख्या संघटनेच्या माणसाला मनोऱ्यापेक्षा हे गाव पाहावेसे वाटते.

आपल्याकडे अशा जागा बहुधा नद्यांत आहेत. त्र्यंबकच्या डोंगरात निघालेली आपली गोदावरी सिरोंच्याच्या पुढे सोमनूरपाशी इंद्रावतीला भेटते. तेथे महाराष्ट्र, छत्तीसगड आणि तेलंगणा मिळतात. २००० सालापर्यंत छत्तीसगड हे नाव राज्याचे नव्हते आणि २०१४ पर्यंत तेलंगणाचे नव्हते. संगम तोच आहे, पलीकडची नावे दोनदा बदलली.

आता नर्मदेकडे वळतो. ही नदी १,३१२ किलोमीटर लांब. त्यातले ३५ किलोमीटर मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र ह्यांच्या दरम्यान वाहते आणि पुढचे ३९ किलोमीटर महाराष्ट्र आणि गुजरात ह्यांच्या दरम्यान. महाराष्ट्राला नर्मदा मिळते ती अशी ७४ किलोमीटर, आणि तीही एकाच काठाने. पहिले पस्तीस संपून पुढचे एकोणचाळीस सुरू होतात तो सांधा म्हणजे आमची जागा.

वणीहून आम्ही दोघे निघालो. आम्ही आणि आमच्या कचेरीतला एक तरुण कार्यकर्ता. कळवण, सटाणे, साक्री करीत नंदुरबार गाठले, प्रकाशाला तापी ओलांडली आणि शहाद्याहून सातपुडा चढून धडगावला मुक्काम केला. धडगाव हे अक्राणी तालुक्याचे ठाणे. थंडी अशी की रात्री कांबळे पुरेना. सकाळी जीपगाडीत माणसे, शेरडे आणि मिठाची पोती ह्यांच्यामध्ये जागा मिळवून भूषा गावाकडे उतरलो. शेवटच्या वळणावर एकदम खाली पाणी दिसते. नदी म्हणून जे चित्र मनात घेऊन गेलो होतो ते तेथल्या तेथे पुसावे लागले. वाहणे कोठे दिसत नाही. डोंगरांच्या बेचक्यांतून आत आत शिरलेले हिरवे स्थिर पाणी, आणि मधूनमधून वर राहिलेली टेकड्यांची डोकी.

होडीवाला चाळिशीचा, कमी बोलणारा. इंजिन सुरू करून त्याने फक्त हात दाखविले: "उजवीकडे एमपी, डावीकडे आपलं." होडीत बाजाराची माणसे होती, ती एकेक उतरत गेली. उतरण्याची जागा म्हणजे नुसता उतार. वर चढत जाणारी पायवाट आणि टोकाला कुडाचे घर. डोंगराच्या अंगावर मक्याची ताटे उभी होती, तुरीला शेंगा धरल्या होत्या. पाण्यातून वाळलेल्या झाडांचे शेंडे वर आलेले. होडीवाला ते ओळखून वळणे घेई, कारण त्याच्याखाली काय आहे हे त्याला माहीत होते. एका ठिकाणी तो म्हणाला, "ही आमची आंबराई." दिसत होते ते पाणीच. वाटेत महाराष्ट्र शासनाचा तरंगता दवाखाना भेटला. रस्ता नसलेल्या काठांवर तो होडीतून फिरतो. २०२० साली साथीच्या दिवसांत ह्याच भागातली एक अंगणवाडीताई स्वतः होडी वल्हवीत बाळंतिणींपर्यंत जात होती हे आपण वर्तमानपत्रांत वाचले असेल. ते वाचणे निराळे आणि ते पाणी पाहणे निराळे.

दुपारी उजव्या हाताचे जलसिंधी मागे पडले. १९९९ च्या पावसाळ्यात त्या गावी आणि अलीकडच्या डोमखेडीत माणसे छातीएवढ्या पाण्यात उभी राहिली होती. थोडे पुढे गेल्यावर होडीवाल्याने इंजिन बंद केले. "इथंच कुठं तरी."

आमच्या तरुण सोबत्याने मोबाईलवरचा नकाशा उघडला. तीन तुटक रेघा एका ठिकाणी मिळत होत्या आणि आमचा निळा ठिपका त्यांच्याभोवती फिरत होता. होडी हळूहळू वाहवत होती, त्यामुळे आम्ही क्षणात गुजरातेत आणि क्षणात मध्य प्रदेशात जात होतो. सोबत्याला गंमत वाटली. होडीवाल्याला नेमकी जागा कोणती असे विचारले, तर तो म्हणाला की कोणी ही टेकडी सांगतो, कोणी ती. शीव नदीतून जाते तेव्हा ती धारेच्या मधोमध धरण्याची रीत आहे. पण येथे आता धारच उरलेली नाही. ती खाली कोठे तरी काळोखात आहे. दगड रोवावयाचा तर कशात रोवणार? आम्ही पाण्यात हात घातला. थंड होते. दहा मिनिटे थांबलो आणि बरोबर आणलेल्या भाकरी खाल्ल्या.

पाण्याचा आकडा मात्र नेमका आहे. सरदार सरोवराचे पूर्ण जलाशय पातळीचे माप १३८.६८ मीटर. नेहरूंनी ५ एप्रिल १९६१ रोजी नवागामला कोनशिला बसविली तेव्हा धरणाची उंची बरीच कमी योजली होती. ती वाढवावयाची म्हणताच भांडण जुंपले. १९६५ साली तर मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र ह्यांनी जलसिंधीलाच जोडीने वीजधरण बांधण्याचा करार केला होता. तो अर्थातच गुजरातला मानवणारा नव्हता. १९६९ साली लवाद नेमला गेला आणि डिसेंबर १९७९ मध्ये त्याचा अंतिम निवाडा झाला. पाण्यात मध्य प्रदेशाला १८.२५ दशलक्ष एकर-फूट, गुजरातला ९, राजस्थानला अर्धा आणि महाराष्ट्राला पाव. ज्या राजस्थानाची शीव नर्मदेला कोठेही लागत नाही त्याला आपल्या दुप्पट, हे ऐकून आमच्या काही मित्रांना राग येतो. पण बाडमेर-जालोरची तहान खोटी नव्हती, कच्छ-सौराष्ट्राचीही नव्हती, आणि आपल्याला विजेत २७ टक्के मिळाले. मध्य प्रदेशाला ५७, गुजरातला १६. वाटणीविषयी आमची तक्रार नाही. आमची तक्रार पुढच्या हिशेबाविषयी आहे.

निवाड्यात विस्थापितांसाठी जे लिहिले ते त्या काळाच्या मानाने बरेच पुढारलेले होते असे आमचे मत आहे. ज्याची पंचवीस टक्क्यांहून अधिक जमीन बुडेल त्याला जमिनीच्या बदल्यात ओलिताची जमीन, किमान दोन हेक्टर, म्हणजे पाच एकर. सज्ञान मुलगा हे वेगळे कुटुंब. खर्च गुजरातने सोसावयाचा. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशातल्या माणसाने वाटल्यास गुजरातेत जावे, वाटल्यास आपल्या राज्यात राहावे. उकाईच्या वेळी असे काहीच नव्हते. गोम होती ती 'ज्याची जमीन' ह्या शब्दांत. अक्राणीच्या काठावरची अनेक गावे वनगावे होती. आजोबांपासून कसलेली जमीन, पण सातबारा नाही. कागदाच्या दृष्टीने तो माणूस अतिक्रमण करणारा, नाही तर भूमिहीन.

मग प्रत्येक राज्याने आपापली गणिते मांडली. गुजरातने १९८७ च्या डिसेंबरात ठरविले की भूमिहीन असो, अतिक्रमणदार असो, सज्ञान मुलगा असो, प्रत्येकाला पाच एकर. महाराष्ट्राने १९८९ साली भूमिहीनांना आणि सज्ञान मुलांना एक एकर देऊ केला आणि तळोद्याच्या बाजूला जंगलाची जमीन मोकळी करून सोमावलसारख्या वसाहती केल्या. मध्य प्रदेशात जमिनीऐवजी पुष्कळांच्या हाती रोख हप्ते पडले. त्यात बनावट खरेदीखतांचा बाजार भरला, त्याच्या चौकशीसाठी आयोग बसला, आणि २०१७ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की जमीन न मिळालेल्या पात्र कुटुंबांना प्रत्येकी साठ लाख रुपये द्या. गुजरातची १९ गावे, महाराष्ट्राची ३३ आणि मध्य प्रदेशाची १९० हून अधिक, ह्या सगळ्यांत एकच पाणी एकाच पातळीने शिरत होते. हाती काय पडावयाचे हे मात्र नदीतल्या ज्या रेघा आम्हांला होडीत बसून सापडत नव्हत्या त्यांवर ठरले.

आमच्या सभासदाच्या घरचे असेच आहे. चुलता पाच एकरांसाठी गुजरातेत गेला. जमीन मिळाली; सुरुवातीला काही वर्षे पाणी लागून पीक कुजे, आता कापूस होतो. पण सरण आणि चारा विकत घ्यावा लागतो, आणि मूळ गाव आठवून चुलती अजून रडते असे तो म्हणाला. बाप सज्ञान मुलगा म्हणून एका एकरावर समाधान मानीना, म्हणून वर टेकडीवर सरकला आणि तेथेच राहिला. बहिणीच्या सासऱ्याला पैसे मिळाले, ते दोन लग्नांत संपले. तिघांत कोण शहाणा ठरला हे आम्ही त्याला विचारले नाही. शेजारी म्हणून नांदलेली माणसे ती. लग्नकार्याला पूर्वी तास-दोन तासांत नदी उतरून जात. आता चुलत्याकडे जावयाचे तर दोन एसट्या आणि एक दिवस.

मजुरीचेही असेच असते. किमान वेतन राज्य ठरविते, म्हणून शीव ओलांडली की त्याच कोयत्याचा भाव बदलतो. हा गडी एका हंगामात गुजरातेत कामाला गेला होता. मुकादमाने शेवटची उचल बुडविली. तिकडच्या कचेरीने सांगितले, मुकादम तुमच्या बाजूचा, तिकडे जा. इकडच्या कचेरीने सांगितले, काम तिकडे झाले, तिकडे जा. आम्ही चार महिने पत्रव्यवहार केला. पैसे अर्धे मिळाले. परराज्यांत जाणाऱ्या मजुरांसाठी १९७९ सालीच कायदा झाला होता, म्हणजे नर्मदेचा निवाडा झाला त्याच वर्षी. पाच वा अधिक असे मजूर जेथे असतील तेथे तो लागू होई. ठेकेदाराला परवाना, मजुराला येण्याजाण्याचा खर्च, स्थलांतराचा भत्ता, सगळे त्यात होते. संसदेने २०२० साली संमत केलेल्या संहितेत तो सामावून घेण्यात आला आणि पाचाचा आकडा दहावर गेला. अक्राणीतून येणाऱ्या टोळ्या सहा-सातांच्याच असतात.

परतताना वारा सुटला आणि होडी बरीच हलली. आम्हांला पोहता येत नाही हे आमच्या सोबत्याला तेव्हा कळले.

कोणास जावयाचे असल्यास पावसाळा संपल्यावर जावे. उन्हाळ्यात पाणी उतरते आणि काठ चिखलाचे होतात. धडगावला मुक्कामाची सोय साधी आहे. होडीचे भाडे आधी ठरवावे आणि जाण्यायेण्याचा वेळ विचारून घ्यावा, कारण संध्याकाळनंतर कोणी होडी सोडीत नाही. पलीकडच्या गुजरात काठाला हापेश्वरपर्यंत रस्ता आहे आणि तेथूनही होडी मिळते. जुने देऊळ बुडाले आहे.

आमचा सभासद ह्या चैत्रात खरड छाटणीला पुन्हा आला आहे. सोबत्याने मोबाईलवरचे फोटो त्याला दाखविले. आम्हांला त्या सगळ्यांत पाणीच दिसत होते. त्याने एक फोटो बोटांनी मोठा केला आणि एका टेकडीच्या उतारावर, आम्ही ज्याला झुडूप समजलो होतो, तेथे आपल्या मामाचे घर दाखविले. वही काढून आम्ही विचारले, गाव काय लिहू? त्याने बुडालेल्या गावाचे नाव सांगितले, कारण रेशनकार्डावर तेच आहे. तालुका अक्राणी, राज्य महाराष्ट्र. वर्गणी त्याने दोघांची भरली, स्वतःची आणि बायकोची, आणि पावत्या वेगवेगळ्या मागून घेतल्या.